तिच्याच भल्यासाठी

खडकीतल्या त्या शाळेत मुक्ताबाई सव्वीस वर्षं शिपाई होत्या. घंटा त्यांनी द्यायची, पाणी त्यांनी भरायचं, पोरांनी ओकलेलंही त्यांनीच काढायचं. त्याची त्यांना कधी किळस आली नाही. किळस यायची ती मुख्याध्यापिका पूर्णिमाबाईंच्या कपाटातल्या चामडी चपलेची. मलमपट्टीच्या डब्याशेजारी ती पिशवीत गुंडाळून ठेवलेली असायची. कोणाला फिट आली की हुंगवायला! आणि त्याच कपाटावर विज्ञान प्रदर्शनाची ढाल. धन्य ती माणसं!

त्या मंगळवारी सातवीतली अक्षता बाकावरून कोसळली आणि हातपाय झाडू लागली. वर्गशिक्षिका भिंतीला चिकटून ओरडल्या, "मुक्ताबाई, चप्पल आणा! चमचा आणा, दात उघडा तिचे!" आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मागच्या बाकावरची दोघं नाक दाबून हसत होती, कारण अक्षताचा स्कर्ट ओला झाला होता.

मुक्ताबाईंनी चप्पल आणली नाही. त्यांनी बाक लांब सरकवले, अक्षताच्या डोक्याखाली स्वेटरची घडी ठेवली, तिला कुशीवर वळवलं आणि घड्याळाकडे बघत शेजारीच बसल्या. "हात धरू नका तिचे. तोंडात काही घालायचं नाही. पाच मिनिटांत थांबलं नाही, तर ॲम्ब्युलन्स बोलवा."

दोन मिनिटांत अंग सैल पडलं. थोड्या वेळानं पोरीनं डोळे उघडले, स्कर्ट चाचपला आणि विचारलं, "मावशी, सगळ्यांनी पाहिलं?"

"पाहू देत. आजारी पडलीस, चोरी नाही केलीस." मुक्ताबाईंनी टेबलावरची चादर ओढून तिच्यावर घातली.

दुसऱ्या दिवशी अक्षताच्या वडिलांना, सुदर्शनना, ऑफिसात बोलावलं. ते दारूगोळा कारखान्यात कामाला होते. पूर्णिमाबाईंच्या जिभेवर नुसती साखर. "तिच्याच भल्यासाठी सांगते हो. बाकीचे पालक तक्रार करतात. हा शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज, आपण फक्त सही करा. पुढं सतरा नंबरचा फॉर्म भरून घरूनही दहावी देता येते."

अक्षता दाराशी उभी होती. सुदर्शन खाली मान घालून पुटपुटले, "बरोबर आहे, बाई. चारचौघांत झालं तर उद्या लग्नालाही अडचण." आणि त्यांनी खिशातलं पेन काढलं.

बारा वर्षांची पोर, आणि बापाला लग्नाची काळजी! मुक्ताबाईंना शिसारी आली. चहाचा ट्रे त्यांनी टेबलावर आदळला.

"दादा, माझ्या भावाचा दाखला आमच्या वडिलांनी असाच काढला, चौथीतून. तेव्हाही त्याच्याच भल्यासाठी. पुढं तिशीत मी त्याला सरकारी दवाखान्यात नेला, गोळ्या सुरू झाल्या नि फिट थांबल्या. पण मरेपर्यंत माझा कचरू बँकेत अंगठाच उठवत होता. फिटनं नाही हो अडाणी ठेवला त्याला. तुमच्यासारख्या भल्या माणसांनी ठेवला."

"मुक्ताबाई! बाहेर व्हा आधी!" साखर संपली होती.

मुक्ताबाई दारापर्यंत गेल्या आणि तिथंच थांबल्या. सुदर्शननी पेन अर्जावर टेकवलं, पण सही केली नाही. मग त्यांनी लेकीकडे वळून विचारलं, "तुझं काय म्हणणं आहे?"

हा प्रश्न तिला कालपासून कोणी विचारलाच नव्हता. "शुक्रवारी माझा गणिताचा पेपर आहे," अक्षता म्हणाली.

सुदर्शननी पेन खिशाला लावलं. "ती येणार, बाई. मी डॉक्टरांचं पत्र आणून देतो. फिट आली तर काय करायचं ते त्यात लिहिलेलं असेल, सगळ्या शिक्षकांना वाचायला द्या."

"आणि शाळेत तिला काही झालं तर जबाबदारी कोणाची?" पूर्णिमाबाई कडाडल्या.

"सकाळी सातपासून ती तुमच्याच ताब्यात असते ना?" मुक्ताबाई म्हणाल्या. "विचारायला लाज कशी वाटत नाही, बाई?"