डब्यातली फोडणी

दृष्ट काढायला आणलेल्या लिंबाचं सरबत करून पिणारी बाई आहे मी. त्यातून लॅब टेक्निशियन... रक्तात दिसेल तेवढंच खरं, असा माझा खाक्या. तरी हे सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आम्ही मूळचे शिरपूरकडचे, राहतो सुरतेत, पर्वत पाटिया भागात. आप्पा, म्हणजे माझे वडील, सुरतेजवळच्या सचिन गावातल्या लूम कारखान्यातून रिटायर झालेत. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी चहा पिताना त्यांनी छाती दाबली आणि हातातली बशी सुटली. मी आणि आईने त्यांना थेट माझ्याच हॉस्पिटलात नेलं. ईसीजी ठीक. ट्रोपोनिन मी स्वतः लावलं — हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढतं ते. नॉर्मल आलं.

"गॅस असेल. घरी नेऊ?" मी विचारलं.

"बेन, उतावळ ना करो," डॉक्टर म्हणाले. ट्रोपोनिन चढायला काही तास लागतात, दुपारी परत घ्या. मला हे ठाऊक नव्हतं का? पण स्वतःचा बाप समोर असला की अक्कल गहाण पडते.

दुपारचा आकडा बघितला आणि मी डॉक्टरांकडे धावले. कितीतरी पट चढलेला. लगेच अँजिओग्राफी केली... नसा साफ, कुठेच अडथळा नाही. डॉक्टरही बुचकळ्यात पडले.

आप्पांचा मोबाईल सकाळपासून माझ्या पर्समध्ये बंद होता. संध्याकाळी चालू केला तर गावाहून फोन — आप्पांचे थोरले भाऊ गेले. हार्ट अटॅक. सकाळीच, चहा घेताना.

डॉक्टरांनी बजावलं, यांना आत्ता कळू देऊ नका, धक्का जिवावर बेतेल. आमच्यात सुतकात दहाव्यापर्यंत फोडणी देत नाहीत. घरी आम्ही बिनफोडणीचं गिळत होतो. पण आप्पांना संशय नको म्हणून आईने त्यांच्या डाळीला मुद्दाम लसणाची फोडणी दिली.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी डबा उघडला, वास घेतला आणि झाकण परत लावलं.

"सुतकमा फोडणी काब्रं दिन्ही?" त्यांनी आईला अहिराणीत शांतपणे विचारलं, का दिली म्हणून.

आईने माझ्याकडे बघितलं. मी आधी मॉनिटरकडे बघितलं... ठोके अगदी सरळ चालले होते.

"भाऊ गया तवयच माले समजनं," ते म्हणाले.

कुणी सांगितलं? मी एकूण एक नर्सला, वॉर्डबॉयला विचारलं. कुणीच नाही.

पुढे आकडा रोज थोडा थोडा उतरत गेला. डॉक्टर म्हणाले, हृदयाला सूज आली असेल. असेल बुवा. पण त्याच सकाळी?

दहाव्या दिवशी आप्पांनी घरीच डोकं भादरून घेतलं. आंघोळ झाल्यावर मी रक्त घेतलं. ट्रोपोनिन नॉर्मल. उतरायला इतके दिवस लागतातच, त्यात नवल नाही. चढलं कशानं, ते मात्र मला आजही सांगता येत नाही. रिपोर्ट वाचून दाखवला तेव्हा आप्पांनी नुसती मान हलवली आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून आईला म्हणाले,

"आते दे फोडणी."