म्हशीची तपासणी

आज म्हैस गाभण आहे का बघायला जनावरांचे डॉक्टर आले. त्यांचा हात कोपरापर्यंत आत, आणि आमचे हे शेपूट धरून तिला समजावत होते, "हलू नको गं, एका मिनिटाचं काम."

मामंजी प्रोस्टेटच्या कॅन्सरने गेले. तेव्हाच मोठे डॉक्टर म्हणाले होते, मुलांनीही वेळेवर तपासून घ्या. आधी रक्त, लागलं तर मागून बोट. बोट ऐकल्यापासून हे तपासणीचं नावच काढत नाहीत. मलाही बोलायची लाज वाटते. जनावराला लाज नाही, म्हणून त्याची तपासणी तरी होते.

मी म्हशीच्या पाठीवर हात फिरवत तिलाच म्हटलं, "तू शहाणी. घरात सगळेच तसे नसतात."

संध्याकाळी यांनी मामंजींची फाईल काढली.

"उद्या तूही चल. शेपूट धरायला कोणीतरी पाहिजे."