काकूंचं उघडं बोट

प्रयोगशाळेत संचालकांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना काकूच म्हणत. पेशींतून आरएनए काढावा तर काकूंनीच. बावीस वर्षं हेच काम. आरएनए म्हणजे भारी नाजूक प्रकरण. उघडं बोट नळीच्या आत नुसतं टेकलं, तरी त्याचा चुरा होतो. काकूंच्या हातून आजवर एकही नमुना बिघडला नव्हता.

त्यात आली चिमणी. संशोधन करायला आलेली बोटभर पोरगी. जंतू पेशीत शिरताना आरएनएचे बारके तुकडे सोडतो. त्यांच्यापासून प्रथिन बनत नाही, म्हणून सगळे त्यांना कचरा म्हणायचे. हाच कचरा पेशीची धोक्याची घंटा वाजूच देत नाही, असं चिमणीनं दाखवलं. संचालक सरांनी चहाच्या वेळी तिचं तोंड भरून कौतुक केलं. काकूंना चहा कडू लागला. ते तुकडे धुऊन फेकू नका, असं अकरा वर्षांपूर्वी त्यांनीच तर सांगितलं होतं. तेव्हा सर हसले होते, भंगाराचा धंदा काढताय का म्हणून.

घरी नवरा म्हणाला, तुला त्या पोरीचं यश खुपतंय. खुपत होतंच. पण ते नवऱ्यानं कशाला बोलून दाखवायचं?

शेवटच्या खात्रीचे नमुने चिमणीनं काकूंच्याच हवाली केले. आसपास कुणी नाही असं बघून काकूंनी उजव्या हाताचा मोजा उतरवला आणि एकेका नळीत बोट फिरवलं. मग निमूट झाकणं लावली.

दुपारी नमुने तपासायच्या जेलच्या थरावर लखलखीत पट्ट्या उमटायच्या, तिथं नुसता धुरकट ओघळ. महिन्याची मेहनत मातीत. चिमणीचा चेहरा एवढासा झाला.

"तुमच्याकडून हे व्हायचं नाही, काकू. माझंच बोट लागलं असणार. सरांना तसं सांगून येते."

ती दारापर्यंत पोचली. काकू मागोमाग उठल्या.

"थांब. मोजा मी काढला होता. मुद्दाम."

चिमणी वळली. "का?"

"तो कचरा माझा होता गं."

चिमणीनं आपल्या उरल्यासुरल्या नळ्या गोळा केल्या आणि पलीकडच्या टेबलावर जाऊन बसली.

सरांना तिनं काय सांगितलं, कोण जाणे. काकूंना कुणी विचारलं नाही. आता आपला आरएनए ती स्वतःच काढते. मेली, काढतेही सफाईनं. काकू कामातून मान वर करतात, तिच्या हातांकडे बघतात, आणि आत कुठंतरी पुन्हा खुपतं.