दारात अडकलेली कणगी

भाताची कणगी ज्या खोलीत ठेवायची, तिथेच बसून विणायची, अशी आमच्या अकोले तालुक्यातली रीत. ठाकर आदिवासींच्या वाडीतली एक बाई हे काम करायची. नवरा दम्याने घरीच, तीन मुली शाळेत. घर तिच्या बांबूच्या विणकामावर चालायचं.

नवं घर बांधल्यावर मी तिला बोलावलं. ती म्हणाली, "दादा, दोन दिस आत बसू द्या. जाग्यावरच विनते."

फरशी नवी आहे, खराब होईल, असं मी सांगितलं. ठाकरीण दोन दिवस आतल्या खोलीत बसलेली माझ्या आईला चालणार नव्हती, हे सांगितलं नाही. वाडीतच विणून आण म्हणालो आणि माप कागदावर लिहून दिलं. रुंदी चार फूट, उंची पाच. खोलीचा तो कोपरा मी तीनदा मोजला होता.

"पन दार केवढं हाय?" तिने विचारलं.

"मापाचं तू माझ्यावर सोड."

आठ दिवसांनी टेम्पोतून कणगी आली. मापात बोटभरही फरक नव्हता. दार तीन फुटांचं. आडवी केली, तिरकी केली, शेवटी गल्लीतल्या चौघांनी रेटली.

"दाबू नका, मोडंल!" ती ओरडली, तोवर एका बाजूच्या कामट्या तुटल्या होत्या.

आमची कणगी बघून गल्लीतली आणखी पाच घरं तिला काम देणार होती. ती सगळी माणसं तिथेच उभी होती. शेजारी म्हणाला, "मावशे, दार तरी मोजायचं! का आता घर पाडायचं?"

सगळे हसले. तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या अक्षरातला कागद तिच्या पिशवीत होता. तिने तो काढला नाही. मी टेम्पोवाल्याला गाडी मागे घ्यायला सांगितलं.

मजुरी मी पूर्ण दिली आणि तेवढ्यावर सुटलो असं मानलं. पाचही घरांत पत्र्याच्या कोठ्या आल्या.

यंदा ती स्टँडवर दिसली. जुन्नरकडे कांदा काढायला जाणाऱ्या जीपमध्ये बसली होती. शाळा चालू असूनही थोरली मुलगी शेजारी.

"कणग्या नाही करत आता?" मी विचारलं.

"कोन सांगतंय, दादा? मला माप येत न्हाई ना."

त्याच संध्याकाळी आमच्या ओट्यावर कुणीतरी म्हणालं, ठाकरांना माप कुठं कळतंय. माझ्या हातात चहा होता. मी तो पीत राहिलो.