सहा नंबरच्या पेटीतल्या माश्या

माझी आत्या शिवणकाम करायची आणि घरामागच्या मोकळ्या जागेत मधमाश्या पाळायची. एकूण अकरा पेट्या. एका सकाळी पहिल्या पेटीच्या दारात तिला खडूच्या तुकड्यांसारखं काहीतरी दिसलं. उचलून पाहिलं, तर मेलेल्या अळ्या! बुरशीने पांढऱ्या पडून टणक झालेल्या. महिन्याभरात सात पेट्यांत तेच.

"ताई, जाळून टाक सगळं," बाबा म्हणाले.

आत्या वही घेऊन बसली. कुठल्या पेटीतली पोळ्याची लाकडी चौकट कुठे नेली, ते ती लिहून ठेवायची. पानावरून बोट फिरवताना तिचा चेहरा उतरला. अशक्त पेट्यांना जोर यावा म्हणून तिने पहिल्या पेटीतल्या भरलेल्या चौकटी वाटल्या होत्या. त्यांच्यासोबत बुरशीही गेली होती.

"रोग मीच घरपोच केला रे," ती म्हणाली. मग बोट थांबलं. "पण दोन चौकटी सहा नंबरलाही दिल्यात. तिथे एकही अळी खडू झालेली नाही. असं का?"

त्या प्रश्नाने तिला झपाटलं. शिवण बाजूला ठेवून ती सहा नंबरसमोर स्टूल टाकून बसली. दुपारी एक कामकरी माशी पायांत मऊ अळी धरून बाहेर आली आणि लांब जाऊन टाकून आली. मग दुसरी.

आत्याने सर्वांत बारीक टाचणी घेतली. सहा नंबरमध्ये आणि एका आजारी पेटीत, मेणाने बंद झालेल्या पन्नास-पन्नास घरांत ती टोचली. आतली पिल्लं मेली; ती ओळखून माश्या किती घरं साफ करतात, हे तिला पाहायचं होतं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तिने मला बोलावलं.

"तू मोज. मी मोजलं तर मला हवं तेच दिसेल."

आजारी पेटीत तेरा घरं साफ झाली होती. सहा नंबरमध्ये अठ्ठेचाळीस.

"झाकणाआडून वास लागतो गं यांना! बुरशीची पूड पसरायच्या आत आजारी पिल्लू बाहेर!" कपडे न्यायला आलेल्या गिऱ्हाइकालाही ती हाताला धरून पेट्यांकडे नेऊ लागली. ते बिचारं फाटकाबाहेर पळालं.

तिने खराब चौकटी जाळल्या, हत्यारं उकळली, प्रत्येक पेटीसाठी वेगळी ठेवली. सहा नंबरच्या अळ्यांपासून नव्या राण्या वाढवून आजारी पेट्यांत जुन्या राण्यांच्या जागी सोडल्या, म्हणजे पुढची पिल्लंही सहा नंबरच्या वळणावर जातील. दोन पेट्या तरीही गेल्याच. त्या दिवशी ती जेवली नाही. पण पुढच्या हंगामात उरलेल्या नऊच्या नऊ स्वच्छ. टाचणीची परीक्षा पुन्हा झाली, मोजायला बाबा बसले. सर्वांत कमी आकडा पन्नासपैकी एक्केचाळीस.

बाबांनी एक पेटी मागितली. आत्याने आधी त्यांना साबणाने हात धुवायला पाठवलं.