मकराणा मास्तरांची फरशी

कुठलाही पांढरा दगड दिसला की मकराणा मास्तर आधी तो जिभेला लावायचे. जीभ चिकटली तर दगड पाणी पितो, म्हणजे कच्चा; सहज सुटली तर पक्का. मी लग्न होऊन पनवेलला आले, तेव्हा शेजारचे हे गृहस्थ कोटाच्या खिशातून दगडाचे तुकडे काढून चाटताना पाहिले आणि मला घामच फुटला. सासूबाई म्हणाल्या, सवय होईल.

मास्तर बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू, शाळेत चित्रकला शिकवायचे. राजस्थानातल्या मकराण्याच्या संगमरवराचं त्यांना वेड होतं, म्हणून गावाने हे नाव ठेवलेलं. स्वतः ते मकराण्याला कधी गेले नव्हते. पण खाणीतला दगड बैलगाड्यांतून आग्र्याला कसा गेला, ताजमहाल कसा उभा राहिला, पुढे इंग्रजांनाही कलकत्त्यात राणीच्या स्मारकासाठी तोच दगड का लागला, हे सांगताना ते खुर्चीवरून उठून उभे राहायचे आणि चहा हमखास गार व्हायचा. "राज्यं बदलली वहिनी, पण दगड तोच हवा झाला प्रत्येकाला," असं सासूबाईंना सांगताना त्यांचा आवाज रस्त्यावर जायचा. मी चूल सोडून ऐकत बसायची.

आमच्या आळीतल्या रामाच्या देवळात नवी फरशी घालायची ठरली. अध्यक्ष अण्णांचं मन शहाबादीवर होतं. मास्तरांनी सभेत उभं राहून मकराण्यासाठी शब्द टाकला आणि वर म्हणाले की दगड बिघडला तर गावाने मला विचारावं. दगड आला तो नेमका शनिवारी. शनिवार त्यांचा धर्माने विश्रांतीचा, मास्तर काडी इकडची तिकडे करत नसत. दिवसभर हात पाठीमागे बांधून ट्रकजवळ उभे. "सुट्टी हातांना आहे, डोळ्यांना नाही," म्हणायचे.

फरशी बसली आणि आळी हरखून गेली. काय ती फरशी! पाऊल ठेवायला जीव धजत नव्हता.

पाडव्यानंतर मात्र तिच्यावर चट्टे उठले. निस्तेज, खरखरीत, पुसून न जाणारे. अण्णा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की मास्तरांना कुणीतरी टोपी घातली. रामनवमीआधी हे उखडून शहाबादी घाला. मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत. मग देवळात येऊन ओणवे झाले आणि चट्ट्यांवरून बोटं फिरवत राहिले. चट्टे गोल होते, समईच्या बुडाएवढे.

रविवारी त्यांनी सगळ्यांना बोलावलं. उरलेल्या तुकड्यावर चिंचेचा कोळ ओतला आणि तासभर मकराण्याचा इतिहास सांगितला. तुकडा पुसला तर तिथेही तसाच चट्टा! हा दगड चुनखडीच्या पोटचा, त्याला आंबट सोसत नाही, एवढंच ते बोलले. कुणाचं नाव घेतलं नाही.

तेवढ्यात सासूबाई पुढे झाल्या. आळीत स्वच्छतेचा शेवटचा शब्द त्यांचा.

"समया, घंटा, ताम्हनं, सगळं पाडव्याला आम्हीच इथे बसून चिंचेने घासलं. फरशी स्वच्छ म्हणून बसलो. मास्तरांचा शब्द खरा आहे, अण्णा."

अण्णांनी मान डोलावली. मग काय विचारता! मास्तरांनी मुंबईहून घासायचे दगड आणले आणि आम्ही बायका पदर खोचून पाणी ओतत घासायला बसलो. रामनवमीला दिव्यांच्या ज्योती फरशीत दिसत होत्या आणि मास्तर दारात उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला आग्र्याला नेऊन आणत होते.

काही वर्षांनी मुलाने त्यांना इस्रायलला बोलावून घेतलं. निघायच्या दिवशी टांगा दारात लागला. सासूबाईंनी विचारलं, "तिकडे तुमचा शब्द कोण मानणार हो, मास्तर?"

"कुणी नाही, वहिनी. जेरुसलेमही पांढऱ्या दगडाचं आहे म्हणतात आणि त्यातलं मला काही म्हणजे काही ठाऊक नाही. आता मी नुसतं विचारत सुटणार."

आम्ही दोघी डोळे पुसत उभ्या होतो. मास्तर मात्र टांगेवाल्याला घाई करत होते.