एक्केचाळीस गोष्टी

दिनांक ११ फेब्रुवारी २०१७, शनिवार. रोख पाच हजार नऊशे चाळीस मोजून आमच्या निवृत्त मुख्य रोखपालांनी आयुष्यातली पहिली एसएसडी, म्हणजे कॉम्प्युटरची नवी, वेगवान डिस्क, विकत घेतली. पत्त्यांच्या जोडाएवढी डबी, वजन जवळजवळ नाहीच.

"एवढ्याशा डबीचे एवढे पैसे?" मी म्हणालो.

"आपल्या दोघांच्या डोक्यांपेक्षा जास्त मावतं तिच्यात. चला, स्क्रू ड्रायव्हर घ्या."

ऑफिसात आम्ही त्यांना तोंडावर साहेब म्हणायचो आणि पाठीमागे 'ताळेबंद'. एकतीस वर्षांत त्यांची रोख एकदाही चुकली नाही. एकदा एक नाणं कमी भरलं, तेव्हा त्यांनी अख्ख्या विभागाला थांबवून टेबलं हलवायला लावली. नाणं सापडलं, पण शिपाई पुढे आठवडाभर त्यांच्याशी बोलला नाही. त्यांच्या हाताखाली मी बावीस वर्षं काढली.

सात वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नीचं, म्हणजे आमच्या वहिनींचं, घशाचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढावं लागणार हे आधीच कळलं होतं, आणि हातात अकरा दिवस होते. साहेबांनी खिडक्या लावून, पंखा बंद करून, घामाघूम होत वहिनींच्या आवाजात एक्केचाळीस गोष्टी रेकॉर्ड केल्या. नात त्यानंतर जन्मली. दर रविवारी ती यायची आणि कॉम्प्युटरसमोर बसून आजीची गोष्ट ऐकायची. पण कॉम्प्युटर थकला होता. सुरू व्हायला त्याला नऊ मिनिटं लागत, आणि तोवर पोरगी कंटाळून गच्चीवर पळालेली असे. म्हणून ही खरेदी.

वहिनी वहीत लिहून बोलतात. आम्ही कॉम्प्युटरचा डबा उघडत होतो तेव्हा त्यांनी वही समोर धरली: "एका स्क्रूला दोन हिशेबनीस? तिसरा बोलवा, सहीला."

साहेबांनी प्रत्येक वायरीला चिठ्ठी लावली, स्क्रू क्रमाने वाटीत ठेवले, नवी डिस्क जुनीच्या शेजारी बसवली. दुकानदाराने पेन ड्राइव्हवर कॉपी करायचा प्रोग्राम दिला होता. पडद्यावर शेजारी शेजारी दोन चौकटी आल्या. कोणती डिस्क कुठे टाकायची?

"यात विचारायचं काय? घेणारा नावे, देणारा जमा," साहेब म्हणाले. जमाखर्चात घेणाऱ्याची बाजू डावी, देणाऱ्याची उजवी. जन्मभर आम्ही तसंच लिहीत आलो. त्यांनी नवी डिस्क डावीकडे घातली, जुनी उजवीकडे. मी नेहमीप्रमाणे तपासून "बरोबर" म्हणालो. चौकटींच्या डोक्यावर बारीक अक्षरांत काहीतरी होतं, ते दोघांपैकी कोणीच वाचलं नाही. मग सूचना आली, की एका डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल.

"पुसू दे. नवी रिकामीच आहे," म्हणत त्यांनी बटण दाबलं.

प्रोग्राम डावीकडून उजवीकडे कॉपी करत होता. दोन तास रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरत राहिली, कणन् कण. आम्ही दोनदा चहा घेतला.

चूक त्यांनीच शोधली. पडदा काळा राहिला तेव्हा ते बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत बसले आणि म्हणाले, "बाजू उलट्या झाल्या."

"दुसरी प्रत असेल ना?"

"नाही. दोन ठिकाणी ठेवलं की फरक निघतो," ते म्हणाले. मलाही त्यांनीच हे शिकवलं होतं.

दुपारी दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने तासभर डिस्क तपासली. "काका, नुसतं पुसलेलं असतं तर काढून दिलं असतं. यावर वरून शून्यं लिहिली गेलीत. आता खाली काहीच नाही." साहेबांनी त्याला तीनदा तेच विचारलं. चौथ्यांदा विचारल्यावर त्याने नवी डिस्क पुढे ओढली. कॉम्प्युटर सुरू होण्यापुरतं सगळं त्याने तिच्यावर नव्याने घालून दिलं.

रविवारी मीही गेलो. कॉम्प्युटर चौदा सेकंदांत सुरू झाला. नातीने टाळ्या वाजवल्या, मग थोडा वेळ वाट पाहिली.

"आजोबा, कॉम्प्युटरमधली आजी कुठंय?"

साहेबांना कोणती गोष्ट किती मिनिटांची ते पाठ होतं. गोष्ट एकही येत नव्हती. रेकॉर्ड करताना त्यांचं लक्ष घड्याळावर असायचं. वहिनींनी वहीत काहीतरी लिहून ती नातीपुढे धरली. तिला अजून वाचता येत नाही. तिने वही आजोबांना दिली. त्यांनी वाचली, मिटली आणि माझ्या हातात दिली.

"ती आजी गेली, बाळा," एवढंच होतं. मीही ते मोठ्याने वाचलं नाही.

दुरुस्तीवाल्याचे सहाशे झाले होते. मी पाचशे दिले. शंभर बाकी आहेत, आणि साहेबांनी ते अजून विचारलेले नाहीत.